वाचनाचा कायदा कोणाला बांधतो?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरीब राज्यांत एक जुनी, जरा कुचकट म्हण आहे: 'बरं आहे बाबा, मिसिसिपी आहे!' उत्पन्न घ्या, आरोग्य घ्या, शाळा घ्या. अलाबामा किंवा आर्कान्सा कितीही घसरले तरी त्यांच्या खाली मिसिसिपी ठरलेलं. चौथीच्या मुलांची वाचनाची जी राष्ट्रीय चाचणी तिथे साधारण दर दोन वर्षांनी होते, तिच्यात 2013 साली हे राज्य 49 वं होतं. 2019 साली त्याची सरासरी देशाच्या सरासरीला भिडली. 2024 साली ते पहिल्या दहांत होतं. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक, आणि तिथल्या सरकारी शाळांतली पोरं वाचनात कॅलिफोर्नियाच्या पुढे.

ही गोष्ट आता जगभर सांगितली जाते आणि सांगताना ती आटत आटत एका वाक्यावर येते: तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला नापास करायचा कायदा केला आणि मुलं वाचायला लागली. आपल्याकडे हे वाक्य कानावर पडलं की चटकन पटतं. 'ढकलपास'वरचा आपला राग जुना आहे, आणि धाक नसेल तर पोरं अभ्यास करत नाहीत हे तर आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आलोय. म्हणून तो कायदा नेमका काय म्हणतो ते जरा सावकाश बघायला हवं. वाचनाच्या कुठल्याही कायद्याला मी आधी एकच प्रश्न विचारतो: यात बांधलं कोणाला आहे? मुलाला, शिक्षकाला, की सरकारला?

मिसिसिपीच्या 2013 च्या कायद्यात तिसरीच्या शेवटी एक फाटक आहे हे खरं. वाचनाच्या राज्य परीक्षेत ठरलेली पातळी गाठली नाही तर मूल चौथीत जात नाही. पण त्या फाटकापर्यंतच्या वाटेवर कायद्याने ज्या गोष्टी सक्तीच्या केल्या, त्या सगळ्या मोठ्यांसाठी आहेत. बालवाडीपासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वर्षातून तीनदा छोटी वाचनतपासणी करायची. मूल मागे पडतंय असं दिसलं की पालकांना लगेच लेखी कळवायचं. वर्षाअखेरीच्या निकालापर्यंत थांबायचं नाही. त्या मुलासाठी वेगळी योजना लिहून काढायची. ज्या शाळांचे निकाल सर्वांत वाईट, तिथे राज्याच्या पगारावर वाचनाचे प्रशिक्षक पाठवायचे. हे प्रशिक्षक तपासणी अधिकारी म्हणून येत नाहीत. वर्गात बाईंच्या शेजारी बसतात, स्वतः धडा घेऊन दाखवतात, मग बाईंचा धडा बघतात. त्याच वर्षी राज्याने पहिल्यांदा स्वतःच्या पैशातून बालवाडीच्याही आधीचे वर्ग सुरू केले. 2016 पासून प्राथमिक शिक्षकाचा परवाना मिळवायला वाचन कसं शिकवायचं याची वेगळी परीक्षा आली, म्हणजे अध्यापक महाविद्यालयांच्याही मानेवर जोखड आलं.

आणि फाटकावर अडलेल्या मुलाचं काय? त्याला परीक्षेच्या तीन संधी. अपंगत्व असलेली, इंग्रजी शिकून दोन वर्षंही न झालेली, आधीच एकदा थांबवलेली मुलं यांना ठरावीक सवलती. इतकं करून थांबवलंच, तर शाळेला त्याला रोज किमान 90 मिनिटं वाचनाचं शिक्षण द्यावं लागतं आणि ते ज्याचं काम चांगलं म्हणून ओळखलं जातं अशा शिक्षकाकडूनच. 'तेच पुस्तक, तोच बाक, तेच मास्तर, आणखी एक वर्ष' हा जो आपल्याकडच्या नापास होण्याचा अर्थ, तो इथे कायद्यानेच बंद केलाय.

या सगळ्याला राज्य वर्षाला साधारण दीड कोटी डॉलर खर्च करतं. अमेरिकेतल्या शालेय खर्चाच्या मानाने ही चिल्लर आहे. मात्र ती दरवर्षी, न चुकता, वेगळी काढून ठेवलेली चिल्लर आहे. मला आकड्यापेक्षा हे 'दरवर्षी' महत्त्वाचं वाटतं.

टीकाकारांचं एक म्हणणं दुर्लक्षण्याजोगं नाही. सर्वांत कच्ची मुलं तिसरीत अडवली, तर चौथीची चाचणी देणाऱ्यांत ती नसतात आणि सरासरी आपोआप वर जाते; मग सुधारणा कसली, गाळणी म्हणा. पहिल्या वर्षापुरतं हे बरोबर आहे. पण अडवलेलं मूल पुढच्या वर्षी चौथीत येतंच आणि तेव्हा त्याचेही गुण मोजले जातात. थांबवलेल्या मुलांचा सहावीपर्यंत माग काढणारा बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आहे. काठावर सुटलेल्या मुलांपेक्षा काठावर अडवलेली मुलं भाषा विषयात स्पष्टपणे पुढे दिसली, आणि हा फायदा मुख्यतः कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना झाला. तरी जयजयकार करणाऱ्यांनाही दोन गोष्टी ऐकवायला हव्यात. 2019 साली मिसिसिपीची सरासरी 219 होती आणि 2024 सालीही 219च. मधल्या काळात देशाची सरासरी 219 वरून 214 वर घसरली म्हणून राज्य एवढं वर दिसतं. करोनाच्या वर्षांत न घसरणं हे छोटं काम नाही, पण ती चढण नाही. आणि आठवीच्या वाचनात हे राज्य अजूनही राष्ट्रीय सरासरीच्या खालीच आहे. अक्षरं जोडून शब्द वाचता येणं आणि इतिहासाचं पान समजणं यांत जे अंतर आहे, ते तिसरीच्या कायद्याने मिटत नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा पुरावा. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी देशभरातल्या अशा कायद्यांची तुलना केली, तेव्हा ज्या राज्यांत नापास करण्याचं कलम होतं तिथेच गुणांत ठळक वाढ दिसली. म्हणजे फाटक निरुपयोगी आहे असं म्हणायची सोय मला नाही. पण फाटकाला घाबरतं कोण? आठ वर्षांच्या मुलाला कायदा म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. घाबरतात मुख्याध्यापक, ज्यांना मे महिन्यात पन्नास पालकांना उत्तर द्यायचं असतं. घाबरतात जिल्ह्याचे अधिकारी, कारण अडवलेल्या मुलांचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. फाटक काम करतं ते मोठ्यांवर, असा माझा निष्कर्ष आहे. आणि मोठ्यांना काहीतरी करायला साधनंच दिली नाहीत, तर ही भीती फिरून मुलावरच येते.

हे बघायचं असेल तर उत्तरेला मिशिगनमध्ये जावं. तिथेही 2016 साली जवळपास तशाच मथळ्याचा कायदा झाला: तिसरीपर्यंत वाचन, नाहीतर थांबा. प्रशिक्षकांची तरतूद होती, पण राज्याचा आकार पाहता तुटपुंजी. सवलतींच्या वाटाही इतक्या की पालकांनी अर्ज केला आणि अधीक्षकांनी मान्य केलं की मूल सुटलं. प्रत्यक्षात अडवण्यास पात्र ठरलेल्या मुलांपैकी फारच थोडी अडवली गेली, आणि त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण जास्त निघालं. ज्यांच्या आईबापांना अर्ज कसा करायचा, कोणाला भेटायचं हे ठाऊक, त्यांची मुलं पुढे गेली. असा कायदा सर्वांत दुबळ्याच्याच गळ्यात अडकतो, हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती. आपल्या कुठल्याही तहसील कचेरीत अर्धा दिवस काढला तरी कळतं. 2023 साली मिशिगनने नापास करण्याचं कलम रद्द केलं. पुढच्याच वर्षी वाचनदोष लवकर शोधण्यासाठी तपासणीचे नवे कायदे केले. उलट्या क्रमाने का होईना, मुद्द्यावर आले.

कॅलिफोर्नियाची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे फाटकाशिवायच काही घडलं. मुलांना वाचायला न शिकवणं हा घटनात्मक हक्काचा भंग आहे, असा दावा पालक आणि विद्यार्थ्यांनी 2017 साली राज्यावर लावला. 2020 मध्ये तडजोड झाली. राज्याने वाचनात सर्वांत मागे असलेल्या 75 शाळांसाठी पाच कोटी डॉलर द्यायचे, शाळांनी आधी स्वतःच्या अपयशाची कारणं लिहून काढायची आणि मग वाचनाच्या शास्त्राला, म्हणजे मूल वाचायला कसं शिकतं यावरच्या संशोधनाला, धरून योजना करायची. कोणालाही नापास करायचं नाही. स्टॅनफर्डच्या अभ्यासात या शाळांतल्या तिसरीच्या मुलांची प्रगती वर्षभराच्या शिकण्याच्या साधारण पाव हिश्शाएवढी जास्त भरली. इथे बांधलं गेलं ते सरकार, तेही कोर्टात खेचल्यावर.

राज्यव्यापी कायद्याच्या वेळी मात्र तेच कॅलिफोर्निया चाचपडलं. सगळ्या शिक्षकांना वाचनशास्त्राचं प्रशिक्षण सक्तीचं करणारं विधेयक 2024 मध्ये शिक्षक संघटना आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या गटांच्या विरोधामुळे अडलं. 2025 मध्ये तडजोडीचा कायदा झाला. त्यात पुस्तकं पुराव्याला धरून निवडायची आहेत, प्रशिक्षणासाठी पैसे आहेत, पण प्रशिक्षण ज्याला हवं त्याने घ्यावं. सक्ती मुलांच्या तपासणीची मात्र 2023 मध्येच वेगळ्या कायद्याने आली होती: बालवाडी ते दुसरी, दरवर्षी, 2025-26 पासून. गव्हर्नर न्यूसम यांना स्वतःला डिस्लेक्सिया हा वाचनदोष आहे आणि ते उघडपणे सांगतात. या कलमामागे त्यांची आस्था असणार. पण इथे पुन्हा तोच प्रश्न येतो. तपासायचं मुलाला, शिकून घ्यायचं की नाही, ते शिक्षकाच्या मर्जीवर.

प्रशिक्षणाच्या विधेयकाला झालेल्या विरोधातला एक धागा आपल्या ओळखीचा आहे. बे एरियात किंवा लॉस एंजेलिसकडे राहणाऱ्या मराठी घरांना शाळाप्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा एक फॉर्म भरावा लागतो. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोललं, घरात कोणती बोलतं, आईबाप त्याच्याशी कोणती बोलतात, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. 'मराठी' लिहिलं की मुलाला इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि त्यात कमी पडलं तर 'इंग्रजी शिकणारा' असा शिक्का बसतो. म्हणून नवख्या पालकांना जुने पालक हळूच सांगतात, 'सरळ इंग्लिश लिहून टाक.' हा सल्ला मला आवडत नाही, पण तो का दिला जातो ते समजतं. अशा मुलाला वाचनतपासणीत शब्द अडला, तर वाचनदोष आहे की शब्दच कधी कानावर पडला नव्हता, हे कसं ठरवायचं? स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी निदान स्पॅनिश चाचण्या आहेत. मराठी, तमिळ, व्हिएतनामी घरातल्या मुलाच्या बाबतीत सगळा भार शिक्षकाच्या अंदाजावर येतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या गटांची शंका इथपर्यंत रास्त होती. फक्त त्यावरून त्यांनी प्रशिक्षणालाच विरोध केला, ते उफराटं झालं. अंदाजावर चालायचं असेल तर अंदाज करणारा जास्तच शिकलेला हवा.

या तपासण्या दिसतात कशा, ते सांगायला हवं, कारण 'चाचणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेंच, प्रश्नपत्रिका आणि रडवेली पोरं येतात. इथे एक शिक्षिका, एक मूल, एक कागद आणि एक घड्याळ असतं. कागदावर बिनअर्थाचे शब्द असतात: मिप, तोग, सुव असल्या चालीचे. एका मिनिटात मूल जेवढे वाचेल तेवढे. ऐकायला खुळेपणा वाटतो, पण त्यात मोठी हुशारी आहे. ज्या मुलाने 'कॅट', 'हाऊस', 'मदर' असे शब्द चित्रासारखे पाठ केलेत, ते गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतं आणि आईला वाटतं, झालं! 'तोग' मात्र पाठ असणं शक्य नाही. अक्षरावरून आवाज काढता येतो की नाही, ते साठ सेकंदांत समोर येतं. डॉक्टरने ताप बघावा तसं हे आहे, तापाचे गुण मिळत नाहीत. जिथे याच आकड्यावर शिक्षकाचं मूल्यमापन किंवा मुलाचा निकाल ठरायला लागतो, तिथे वर्गात 'मिप, तोग, सुव' यांचीच घोकंपट्टी सुरू होते आणि कागद निकामी होतो.

हे पाठांतर वर्गात शिरलं कसं, यामागे एक जुना वाद आहे. 1967 साली केन गुडमन या अमेरिकन अभ्यासकाने वाचन म्हणजे एक प्रकारचा अंदाज बांधण्याचा खेळ आहे असं मांडलं. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनीही जवळपास त्याच दिशेने पद्धत बसवली. शब्द अडला? चित्र बघ. पहिलं अक्षर बघ. इथे काय शोभेल ते सांग. पुस्तकात 'पोनी' लिहिलंय, चित्रात घोडा आहे, मूल 'हॉर्स' म्हणतं, अर्थ लागला म्हणून बाई पान उलटतात. गंमत अशी की सराईत वाचक असं करत नाही. तो अक्षरंच वाचतो, अंदाज बांधावा लागतो तो कच्च्या वाचकाला. 2000 साली अमेरिकी सरकारने नेमलेल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीच्या अहवालाने अक्षर-ध्वनीचं पद्धतशीर शिक्षण हवं हे स्पष्ट सांगितलं, तरी अंदाजाची पद्धत वीस वर्षं टिकली. गेल्या काही वर्षांत ओहायो, इंडियानासारख्या राज्यांनी ती कायद्यानेच बंद केली.

विधिमंडळाने वर्गातली शिकवण्याची रीत ठरवावी का? मला हे रुचत नाही. उद्या दुसरं बहुमत आलं की दुसरी रीत. शिवाय बंद दाराआड बाई मुलाला 'चित्र बघ' म्हणाल्या की नाही, हे बघायला कोण जाणार? आणि कायद्याने पद्धत ठरवली की तिच्या मागोमाग दुकान उघडतं. अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात 'रीडिंग फर्स्ट' या केंद्रीय योजनेतून वर्षाला सुमारे शंभर कोटी डॉलर वाटले जात होते. 2006 साली केंद्राच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला की अधिकारी राज्यांना ठरावीक प्रकाशकांची पुस्तकं घ्यायला लावत होते. योजनेची बदनामी झाली आणि तिच्यातलं खरं शास्त्रही त्या चिखलात माखलं. सरकारी पैशातून कोणती पुस्तकं विकत घ्यायची नाहीत, भावी शिक्षकाला काय शिकवल्याशिवाय परवाना द्यायचा नाही, एवढं विधिमंडळाने जरूर ठरवावं. शब्द अडल्यावर बाईंनी काय म्हणावं, हे कलमात बसत नाही.

महाराष्ट्राशी याचा संबंध सरळ आहे. शिक्षण हक्क कायद्यात केंद्राने 2019 साली दुरुस्ती करून नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आणि 2023 मध्ये आपल्या राज्याने नियम बदलले: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर पूरक मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. कागदावर हे मिसिसिपीसारखं वाटतं. वर्ग बघा: पाचवी. ज्या मुलाला दुसरीत जोडाक्षर अडत होतं, ते तीन वर्षं अडत राहिलं आणि पाचवीत त्याला निकाल मिळाला. अडवलेल्या मुलासाठी जादा शिक्षक कोण, किती तास, कुठल्या पैशातून? ज्या शिक्षकाच्या डोक्यावर निवडणूक यादी, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती आहे, त्याच्याच डोक्यावर 'पूरक मार्गदर्शन'ही. बांधलं गेलं ते मूल.

याच्या शेजारी केंद्र सरकारचं 'निपुण भारत' आहे. तिसरी संपेपर्यंत मुलाने समजून मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, हे उद्दिष्ट त्याने 2021 साली ठेवलं आणि वय अचूक निवडलं. पण ते अभियान आहे. अभियानाला शपथ असते, फलक असतो, आढावा बैठक असते. पालकाला त्याखाली काही मागता येत नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणारी 'असर' पाहणी हीसुद्धा एका मुलाला, एका कागदावर, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचायला लावते. मापाचं साधन आपल्याकडे वीस वर्षांपासून आहे आणि तेही स्वस्त. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. 2022 साली हा आकडा 16.3 होता. सुधारणा आहे. तरी चारांतली तीन मुलं बाहेरच आहेत. आणि ही पाहणी नमुन्यापुरती असते. गावातल्या एखाद्या मुलीला बाराखडी सुरात म्हणता येते, पण मधूनच 'कौ' दाखवला की ती 'क'पासून पुन्हा सुरू करते. हे तिच्या आईला सांगायला कोणी बांधील नाही.

म्हणून पाचवीच्या परीक्षेआधी कायद्यात काही लिहायचंच असेल, तर मी हे लिहीन: पहिली ते तिसरी वर्षातून तीनदा समोरासमोर वाचनतपासणी, तिचे गुण कुठेही न नोंदवता. मूल मागे असेल तर पंधरा दिवसांत पालकाला लेखी, त्याच्या भाषेत. मेळघाटात कोरकूत आणि नंदुरबारात भिलीत सांगणारा माणूस हवा, कारण तिथल्या मुलाची अडचण बऱ्याचदा कॅलिफोर्नियातल्या मराठी मुलासारखीच असते. शाळांच्या प्रत्येक समूह-केंद्राला वाचनाचा एक पूर्णवेळ प्रशिक्षक, ज्याला दुसरं कुठलंही काम सांगता येणार नाही, आणि अर्थसंकल्पात त्याच्या पगाराचं वेगळं शीर्षक. हे तीन वर्षं झालं नाही, तर मुलाला अडवण्याचा अधिकार शाळेला नाही. शेवटच्या कलमाला शिक्षण विभाग सर्वांत जास्त विरोध करील. वित्त विभागाचा विरोध मधल्या कलमाला असेल. निपुणची मुदत 2026-27 ला संपते, आणि त्यानंतर तिसरीतल्या मुलाला वाचायला शिकवणं कोणावर बंधनकारक आहे, हे आज कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.